ऑक्टोबरचं वाळवण

आमच्या आईला बर्मिंगहॅमच्या उन्हाचा काडीचाही भरवसा नव्हता, पण वाऱ्यावर तिची भिस्त होती. मागच्या अंगणात, कोळशाची जुनी कोठी आणि शेड यांच्यामधल्या बोळात, वारा सरळ घुसायचा आणि तिथेच तिचं वाळवण चालायचं. सांडगे, कुरडया, भरल्या मिरच्या, मेथी, पुदिना. जुन्या साड्या अंथरलेल्या, कडेला विटा ठेवलेल्या, आणि राखणीला मी. भारतात म्हणे वाळवणाची राखण कावळ्यांपासून करतात. मला ती करायची होती शेजारच्या जोनबाईंच्या मांजरापासून आणि भुरभुर पावसापासून. पहिला थेंब नाकावर पडला की मी "आई, पाऊस!" असं ठणाणा ओरडायचे आणि ओळीतल्या सगळ्या घरांमधले लोक आपापले कपडे आत घ्यायचे. जोनबाई कुंपणापलीकडून "पाऊस, पाऊस" म्हणत दोरीकडे धावायच्या. त्यांना येत असलेला हा एकच मराठी शब्द, पण इंग्लंडमध्ये तेवढ्यावर बरंच भागतं.

घरात आवाज दोनच. स्वयंपाकघरातलं आईचं शिलाई मशीन आणि पुढच्या खोलीत बाबांचं कण्हणं. बाबा एका इंजिनिअरिंग कंपनीत ड्राफ्ट्समन होते. अतिशय सुरेख हात. पण कमरेतून पायात जाणारी कळ अशी होती की कामावरून आले की ते कोटासकट गॅसच्या शेगडीपुढे गालिच्यावर आडवे व्हायचे. डॉक्टरांच्या गोळ्यांनी पोट बिघडायचं, कळ तिथेच. आम्ही त्यांना ओलांडून ये-जा करायचो. आई त्यांच्या उशाशी बशीत चहा ओतून द्यायची आणि ते पडल्यापडल्या फुरके मारायचे. दुखण्यातही बाबांना चुका खपत नसत. आई वर्ध्याकडची, ती "का" न म्हणता "काहून" म्हणाली, की आले बाबा जमिनीवरून: "अगं, का म्हण, का. पोरगी तेच शिकेल." बाबा पुण्याचे, आणि हे ते आम्हाला कधी विसरू देत नसत.

मंडळाचा रविवारचा मराठीचा वर्ग बाबाच चालवायचे. मला मात्र त्यांनी अक्षरं शिकवली ती घरातल्या डब्यांवरून. लग्नातल्या भांड्यांवर नाव घालायची पद्धत आपल्याकडे असतेच. टिंबाटिंबांनी कोरलेलं ते नाव मी बोट फिरवून वाचायचे. आईच्या वडिलांनी रुखवतात दिलेली भांडी सगळी, पण नाव प्रत्येकावर जावयाचं: मनोहर केशव ठोसर. "बाप माझा, पितळ-स्टील माझ्या बापाचं, आणि नाव यांचं," आई हसत म्हणायची. ती तेव्हा खरंच हसत म्हणायची. 'ह' मला काही केल्या जमेना, तेव्हा बाबांनी सगळ्यांत मोठा कडीचा डबा मांडीवर घेतला, माझं बोट धरून मनोहरमधला 'ह' गिरवून घेतला, जमेपर्यंत. मी आज हे मराठीत लिहिते आहे ती त्यांचीच पुण्याई. त्यांच्याविषयी वाईट लिहायचं तर तेही त्यांनीच दिलेल्या अक्षरांत लिहावं लागतं, याचा मला भयंकर राग येतो.

हे घडलं त्या वर्षी आईला नोकरी लागून बऱ्यापैकी काळ झाला होता. माझ्याच जुन्या प्रायमरी शाळेच्या किचनमध्ये. त्याआधी ती घरी बसून उशांचे अभ्रे शिवायची, दिवसभर भिंतीकडे तोंड करून. शाळेत गेली आणि बाई बदललीच. पांढरा कोट, केसांवर टोपी, चपलांऐवजी जाड बूट. मुलं तिला "मिसेस टी" म्हणायची. घरी आली की ती मला सगळं साग्रसंगीत सांगायची: आज कोणी वाटाणे टाकले, कोणी कस्टर्ड तिसऱ्यांदा मागितलं, कोणाच्या घरी बहुतेक सकाळचं काही खायला मिळत नाही म्हणून तिने गुपचूप मोठा तुकडा वाढला. उरलेला स्पंज केक कोटाच्या खिशात घालून आणायची, आणि आम्ही दोघी तो वरणभाताआधीच खायचो. किचनची मुख्य बाई नाताळनंतर रिटायर होणार होती आणि तिची जागा आईला द्यायचं हेडबाईंनी तोंडी ठरवलंही होतं. आई पीठ मळताना स्वतःशीच पुटपुटायची, "कुक-इन-चार्ज." मी ऐकतेय असं दिसलं की म्हणायची, "काहून हसतेस गं?" आणि स्वतःच लाजायची.

आता रोपांविषयी. हे नीट सांगायला हवं, कारण पुढे ते फार वेगळ्या पद्धतीने सांगितलं गेलं. रोपं आईने आणली नाहीत. बाबांनी आणली. त्यांच्या ऑफिसातला एक सहकारी आपल्या ग्रीनहाऊसमध्ये गांजा लावायचा; बाबांचं कण्हणं ऐकून ऐकून कंटाळला असेल, त्याने दह्याच्या डब्यांत दोन रोपं दिली. बाबा ती बसमधून मांडीवर घेऊन आले. टोमॅटोची आहेत असं कंडक्टरने न विचारताच त्यांनी त्याला सांगितलं म्हणे. दारातच आईला म्हणाले, "अगं, तुझ्या वडिलांकडे असायचं ना हे?" आईचे वडील वैद्य होते. त्यांच्या माडीवर वाळणाऱ्या जडीबुट्यांत आईचं लहानपण गेलेलं. तिने पान चुरडलं, वास घेतला आणि क्षणभर तिचा चेहरा असा झाला की ती आमच्या घरात नव्हतीच. मग म्हणाली, "हे आहे खरं. पण अहो, इथे चालतं का?" बाबा म्हणाले, "औषधाला काय झालं? आणि बघायला कोण येतंय?"

उन्हाळाभर ती झाडं घेवड्याच्या वेलामागे वाढली. मला सांगितलं होतं, बाबांचं औषध आहे, त्याबद्दल बाहेर बोलायचं नाही. ऑक्टोबर लागताच, दसऱ्याच्याही आधी, आईने ती कापली. इंग्लंडचा ऑक्टोबर म्हणजे वाळवणाचा वैरीच. पण बाबा हुरूपाने उठले, त्यांनी कागदावर आराखडा काढला आणि माझ्या लहानपणीच्या कॉटच्या जाळीच्या बाजू वापरून त्या बोळात एक चौकट ठोकली. वर पत्र्याची पाखी, तीन बाजूंनी वारा, पाणी नेमकं बाहेरच्या बाजूला निथळेल असा उतार. कोपरे गोल घासलेले. कमरेची कळ सोसत, गुडघ्यावर बसून त्यांनी ते काम केलं, आणि झाल्यावर आम्हाला दोघींना बोलावून दाखवलं. मला त्या दिवशी माझ्या बाबांचा केवढा अभिमान वाटला होता!

आईने दोऱ्याने लहान लहान जुड्या बांधून त्या उलट्या टांगल्या. वरून विरलेल्या साडीचा पडदा, कारण तिच्या वडिलांचं सांगणं होतं की याला वारा हवा, ऊन नको; उन्हाने वास उडतो, आणि वास उडाला की गुणही. धुकं उतरलं की जुड्या शेडमध्ये, वारा सुटला की परत बोळात. एक जुडी आतून काळी पडली तेव्हा तिने ती अख्खी फेकून दिली आणि दिवसभर स्वतःवर चरफडत राहिली. काड्या वाकण्याऐवजी कटकन मोडायला लागल्या, तेव्हा वाळलेला माल लोणच्याच्या बरण्यांत गेला. "आता मुरू दे," ती म्हणाली. रोज झाकण उघडायची, नाक घालून बसायची, पुन्हा लावायची. आधी ओल्या गवताचा वास यायचा. मग हळूहळू गोडसर, जड, आंब्याच्या कोयीच्या जवळपासचा एक वास बरणीतून यायला लागला, आणि आई म्हणाली, "आलं." मग तुपागुळात त्याच्या काहीतरी गोळ्या झाल्या. बाबांनी गोळी घेतली आणि त्या आठवड्यात आमचा पुढच्या खोलीतला गालिचा रिकामा दिसायला लागला. बाबा टेबलावर बसून जेवले. आईने झुणका केला होता, तो त्यांनी दोनदा मागून घेतला आणि चक्क म्हणाले, "फक्कड झालाय." मी आणि आईने एकमेकींकडे बघितलं. असं कौतुक आमच्याकडे दिवाळीलाही व्हायचं नाही.

आता जी चूक झाली ती आमच्याच लोकांच्या हातून व्हायची. आपल्याकडे नवं काही केलं की शेजारी दिल्याशिवाय घास उतरत नाही. आईच्या कुरडया जोनबाईंकडे जायच्या, चिवडा जायचा, आणि त्यांच्याकडून डबा परत येताना त्यात कधी रूबार्बचे आंबट देठ, कधी घरी भाजलेले स्कोन. डबा रिकामा परत करायचा नसतो, हे आईने त्यांना शिकवलं होतं. जोनबाईंच्या हाताचे सांधे सुजून आखडलेले. त्यांना विणकाम सोडावं लागलं होतं, आणि त्या बाई चहाचा कप दोन्ही तळव्यांत दाबून धरायच्या. घरात औषध मुरलेलं आणि शेजारीण कळवळतेय, हे आईला बघवेना. तिने त्या कडीच्या डब्यात थोड्या गोळ्या घातल्या, काय आहे ते जोनबाईंना मोकळेपणाने सांगितलं, आणि दिला डबा कुंपणावरून. बाबांना माहीत होतं. ते एवढंच म्हणाले, "जास्त देऊ नकोस, मला पुरायला हवं."

जोनबाईंचा लेक शनिवारी आला. मोठा, टाय लावणारा माणूस. त्याने आपली आई भर दुपारी खुर्चीत बसून विणताना पाहिली, टीव्हीकडे बघून खुदुखुदु हसताना पाहिली, आणि टेबलावरचा डबा उघडला. तो वास त्याने ओळखला. कुठे ओळखीचा झाला होता ते त्याचं त्याला माहीत. त्याने सरळ पोलिसांना फोन केला. आई तेव्हा बोळात बरण्यांना वारा देत होती. मी राखणीला. मी पावसासाठी आकाशाकडे बघत होते आणि माणसं बाजूच्या फाटकातून आली. एक वयस्क, एक तरुण. वयस्काच्या हातात आमचा डबा.

आवाज ऐकून बाबा बाहेर आले. कुंपणापलीकडे जोनबाई रडत होत्या, "इट्स ओन्ली फॉर मी हँड्स," आणि त्यांचा लेक त्यांना दंडाला धरून आत ओढत होता. पोलिसाने विचारलं, हे कोणाचं. आईने बाबांकडे बघितलं. तिचं इंग्रजी किचनपुरतं. असल्या वेळी बोलायचे ते बाबाच. बाबांनी कमरेवर हात ठेवला आणि त्यांच्या त्या स्वच्छ इंग्रजीत म्हणाले, "ऑफिसर, माझी पाठ खराब आहे. मी बागेत येतच नाही." बोलताना ते उभे होते ते स्वतःच ठोकलेल्या चौकटीला टेकून.

पोलिसाने डबा वर केला. त्या कोरीव टिंबांवर अंगठा ठेवून त्याने विचारलं, "व्हॉट डझ इट से, सर?"

बाबांनी खिशातून चष्म्याचं घर काढलं. चष्मा काढला, रुमालाने पुसला, नाकावर ठेवला. डबा हातात घेऊन उजेडाकडे तिरका धरला. जणू कुठला शिलालेख वाचायचाय! मी बघत होते. त्या 'ह'वर मी माझं बोट झिजवलं होतं. मला वाटलं, आता बाबा सांगतील.

"इट्स माय वाइफ्स नेम," बाबा म्हणाले. "सुमन. हा तिचा डबा आहे. ती खेड्यातून आलेली आहे, तिला इथले कायदे कळत नाहीत."

मी म्हटलं, "बाबा, पण हे तर—"

"तू आत जा," आई म्हणाली. माझ्याकडे न बघता, बाबांकडे बघत. "कुकर बंद कर."

"अगं आई, पण त्यावर—"

"आत जा म्हटलं ना."

तो पोलीस वाईट माणूस नव्हता. त्याने वाकून, सावकाश, आईला विचारलं, खरं आहे का हे? तुमचं आहे? आईने बाबांवरची नजर काढली नाही. बाबा चष्मा घरात ठेवण्यात गढले होते. "येस," आई म्हणाली. "माय नेम. माय फादर गिव्ह." कुकर लावलेलाच नव्हता. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं, ती साडीचा पदर खोचून त्यांच्याबरोबर फाटकाबाहेर जात होती. पायात घरातल्याच स्लिपर.

तुरुंग वगैरे काही झालं नाही. समज देऊन, तशी नोंद करून, कागदावर सही घेऊन संध्याकाळच्या आत सोडलं. बरण्या गेल्या, गोळ्या गेल्या. डबा तेवढा नंतर एका पोलिसाने आणून दिला, घासून पुसून. आमच्या घरी रिकामा परत आलेला तो पहिला डबा. आई सोमवारी नेहमीसारखी कामावर गेली आणि मुलांची जेवणाची वेळ व्हायच्या आधीच परत आली. हातात कॅरिअर बॅग, बॅगेत पांढरा कोट आणि ते जाड बूट. हेडबाईंना पोलिसांकडून कळलं होतं. त्या रडल्या म्हणे, पण लहान मुलांच्या अन्नाचा प्रश्न आहे, आणि अशी नोंद असलेल्या बाईला त्या ठेवू शकत नव्हत्या. आईने बॅग जिन्याखाली ठेवली, आणि भिंतीकडे तोंड करून मशीनवर बसली. ते उशांचे अभ्रे तिने पुढे डोळे जाईपर्यंत शिवले. कुठल्याच शाळेने तिला परत दारात उभं केलं नाही.

भांडणही झालं नाही आमच्याकडे, ही खरी शोकांतिका. मी दाराआडून ऐकलं ते एवढंच. बाबा म्हणत होते, "माझी नोकरी गेली असती तर खाल्लं काय असतं आपण? तू विचार कर ना जरा. तुझं काय, डिनर लेडीचं काम ते. दुसरं मिळेल." आईचं मशीन सुरू झालं. मंडळात बाबांनी लोकांना समजावलं की ही भोळी आहे हो, माहेरचं काहीतरी जडीबुटीचं खूळ. लोकांनी मान डोलावली. रविवारचा वर्ग चालूच राहिला. दिवाळीला आईने नेहमीसारखा परातभर चिवडा नेला, आणि कार्यक्रम संपला तेव्हा परात जशीच्या तशी होती. बायका लांबून गोड हसत होत्या. बाबांनीच ती परात बसस्टॉपपर्यंत उचलून आणली आणि वाटेत म्हणाले, "मीठ जरा जास्त पडलं होतं बहुतेक."

आईने पुन्हा काही वाळत घातलं नाही. सांडगे नाहीत, साधी मेथीही नाही. बाबा परत गालिच्यावर आले. ती त्यांना शेकायला गरम पाण्याची पिशवी द्यायची, चहा द्यायची, सगळं द्यायची. फक्त त्यांना ओलांडून जाताना आता थांबायची नाही. खूप वर्षांनी, ती दवाखान्यात होती तेव्हा, मी तिला विचारलंच: तू हो का म्हणालीस? मला वाटलं होतं ती संसार, पोरगी, घर असलं काहीतरी सांगेल. ती गालात हसली. म्हणाली, "त्यांनी चारचौघांत माझं नाव घेतलं. लग्नापासून नुसतं 'अगं, अगं'. पहिल्यांदाच तोंडातून सुमन निघालं आणि ते असं. मी नाही कशी म्हणणार होते?" मग तोंड फिरवून म्हणाली, "माझे कोट इतके छान कडक इस्त्रीचे असायचे गं." ती गेल्यावर जिन्याखाली मला ती बॅग सापडली, तशीच गाठ मारलेली.

बाबा आता माझ्याकडे असतात. नव्वदीला आलेत, ताठ आहेत, पण कळ आहेच. मध्यंतरी एका स्पेशालिस्टने त्यांना तेच औषध लिहून दिलं, आता ते कायदेशीर मिळतं. पोस्टाने घरी येतं, गुळगुळीत बाटली, वर त्यांचं पूर्ण नाव छापलेलं. कुरिअरचा मुलगा "हॅव अ गुड वन" म्हणून हातात देतो. मी ती बाटली आईच्या त्याच कडीच्या डब्यात ठेवते, त्यांच्या उशाशी, नाव त्यांच्या बाजूला करून. मुद्दामच. रोज बघू देत. इतके महिने झाले, त्यांनी त्या डब्याबद्दल चकार शब्द काढला नाही, आणि मीही नाही. आमच्या घरात असंच चालतं.

गेल्या आठवड्यात बाबांच्या पायाच्या जखमेच्या ड्रेसिंगला नवी नर्स आली होती. लाघवी पोर. औषध काढायला तिने डबा उचलला, टिंबांवर बोट फिरवलं आणि म्हणाली, "ओह, दॅट्स लव्हली. व्हॉट डझ इट से?" मी दारात चहाचा कप घेऊन उभी होते. मला वाटलं, ऐकू आलं नसेल त्यांना.

"माय नेम," बाबा म्हणाले. लगेच. "मनोहर केशव ठोसर. हे औषध माझी बायको माझ्यासाठी घरीच करायची, माहितीये? त्या काळात! रोपं मी आणली होती. वाळवायची चौकट मी स्वतः बनवली होती." आणि ते हसले, ती हसली, "ब्लेस यू," म्हणाली. गालिच्यावर ऊन पडलं होतं.

त्यांचा चष्मा मघापासून माझ्या हातात होता, चहाच्या कपाबरोबर द्यायला आणलेला.